मुराळ्याची ॲम्बेसिडर

आमच्या पालमात येडे लय झाले, पण मुंजाजीमामाच्या तोडीचा येडा मी बघितला न्हाई. अन् खरं सांगतो, त्या येडेपणापुढं माझी मान आपसूक खाली जाती. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाची! गावात कुणालाबी विचारा, बजरंग कुणाचं ऐकून घेत न्हाई म्हणतील.

मी पालमच्या स्टँडवर जीप लावतो, गंगाखेडच्या शिटा भरतो. जीप कसली, जत्राच हाय ती. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागची शिटं शाळंच्या मोडक्या बाकड्यांची. मूळचं काय ऱ्हायलं म्हणताल तर नंबर तेवढा. माझा हिशोब सरळ हाय. गाडी म्हंजी काय देव न्हाई. जिथं अडंल तिथं कापा, जोडा, वेल्डिंग मारा अन् पुढं चला. म्हणून तर जुन्या गाड्यावाले माझ्याकडं येतात. कुणाला आज्याच्या जीपला मोठाली चाकं लावायचीत, कुणाला खालून निळे दिवे, कुणाला म्हशीवानी वरडणारा हॉर्न. मी देतो बसवून. हौसेला मोल न्हाई, अन् माझं त्यात काय जातंय?

मुंजाजीमामाचं समदं उलटं. वाळलेल्या पऱ्हाटीवानी उंच, कडक माणूस. धोतर, टोपी, अन् त्या धोतरात बसून चालवायची चौऱ्याहत्तर सालची ॲम्बेसिडर, सायीच्या रंगाची. ह्या गाडीचा एक नटबोल्टबी त्यानं कदी बदलला न्हाई. बदलला आसंल तर तसलाच, त्याच जातीचा, त्याच काळातला हुडकून आणून. एकदा परसातल्या म्हशीनं शिंग मारून मागच्या लाल दिव्याची काच फोडली. मी म्हणलं, "मामा, ट्रॅक्टरचा दिवा बसवतो, घटकाभराचं काम हाय." मामानं माझ्याकडं आसं बघितलं जसं काय मी मामीला सवत आणा म्हणलो. गाडी छपरात झाकून ठिवली अन् सोता नांदेडचं भंगार पालथं घालत बसले. तिथं गावंना तर हैदराबाद गाठलं. शेवटी काच गावली, ती उपरण्यात गुंडाळून एस्टीत मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय ते? लेकरावानी धरलंय." तर म्हणाले, "गाडी हाय माझी."

चहाच्या टपरीवर आमचं रोजचं भांडण. मी म्हणायचो, "मामा, गाडी माणसासाठी का माणूस गाडीसाठी? त्या शिटाची स्प्रिंग टोचती तुमाला, तरी बसता. गाणी लावायची सोय न्हाई, वारं न्हाई, काय न्हाई. काय फायदा आसल्या जपण्याचा?"

"तुझी जीप तुला वळखती का रं, बजरंग्या?"

"मला न्हाई वळखत, पण शिटावाले वळखतात. पोट भरतंय माझं."

"मग झालं तर," आसं म्हणायचे अन् बशी तोंडाला लावायचे. लय राग यायचा मला. भांडायचं तर नीट भांडावं की माणसानं!

पण त्या गाडीमागचं कारण गावात समद्यांला ठावं व्हतं. मलाबी व्हतं. ते सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई.

आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी जातात. न्यायला माहेरचं माणूस येतं, भाऊ न्हाईतर भाचा, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याबिगर बाई घराबाहेर पाऊल टाकत न्हाई, अन् ज्या बाईचा मुराळी येत न्हाई तिची पंचमी रडण्यात जाती. दगडाबाईमामीला एकुलता एक भाऊ व्हता, भगवानराव. पाथरीला त्याचं कापडाचं दुकान. सणाच्या तोंडावर दुकानात ही गर्दी, म्हणून दुसऱ्यांचे मुराळी दोन दिस आधी यायचे अन् भगवानराव ऐन पंचमीच्या सकाळी. ह्याच ॲम्बेसिडरमधी. येशीतून हॉर्न वाजवायचा, दोन आखूड अन् एक लांब. तो आवाज आला की मामी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी. हातात पाण्याचा तांब्या, भाऊ आधी पाणी पिणार, मग बहीण मागच्या शिटावर बसणार, अन् गाडी गंगाखेड, सोनपेठ करत पाथरीला.

मग एका वर्षी भगवानराव दुकानातच गादीवर बसल्या जागी गेला. त्याला लेक न्हाई, लेकरू न्हाई. त्याची बायको लक्ष्मीबाई म्हणाली, गाडी नणंदबाईच्या दारात ऱ्हाऊ द्या, इथं बघून माझा जीव तुटतो. त्या साली पंचमीच्या आदल्या दिवशी मामीनं भावाचा उपास धरलाच. भाऊ गेला तरी उपास सुटत न्हाई म्हणतात. सकाळी पिशवी भरून उंबऱ्यात बसली, अन् दुपार टळली तरी तिथंच. मामानं ते बघितलं.

पुढल्या पंचमीला मामा अंधार फिटायच्या आत उठले. गाडी ढकलत परसातून बाहेर काढली, आवाज होऊ न देता. फाट्यावर नेली, वळवली, अन् उजाडल्यावर पाव्हण्यावानी गावात शिरले. येशीत हॉर्न दिला, दोन आखूड, एक लांब. आपल्याच दारात गाडी लावली, खाली उतरले, अन् उंबऱ्याच्या बाहेर उभं ऱ्हाऊन म्हणाले, "पाथरीहून आलोय. दगडाबाईला न्यायला."

आगागा! समदी गल्ली पोट धरून हसली. नवराच मुराळी! म्हातारे म्हणाले, कलयुग आलं. मीबी हसलो, लहानच व्हतो तवा. फक्त मामी हसली न्हाई. ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, नवऱ्याच्या हातात दिला, अन् मागच्या शिटावर जाऊन बसली. तवापासून एक पंचमी खाली गेली न्हाई. हसणारे दमले, काही तर मेलेबी, अन् मामा दर साली मुराळी होऊन येतातच. एकदा मला म्हणाले व्हते, "बजरंग्या, तिनं डोळे झाकले तरी तीच गाडी आली पाहिजे दारात. तोच आवाज, तोच वास. एक बी गोष्ट इकडची तिकडं झाली की भाऊ येणार न्हाई, नुसता नवरा येईल." मी चहा पिऊन गुमान उठलो.

अन् मागल्या दिवाळीनंतर नवी चप्पल चावली.

एवढंच निमित्त. मामाला शुगर, जखम लपवली, अन् कळलं तवा अंगठा काळा पडलेला. नांदेडला नेलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी भेटायला गेलो. मामी बाहेर बाकड्यावर बसली व्हती, पदर तोंडाशी. आत गेलो तर मामा छताकडं बघत पडलेले. मला वाटलं आता रडतील, मग मीबी रडीन. मनातून तयार व्हतो. तर म्हणाले, "बजरंग्या, क्लच डाव्या पायाला आसतो की रं."

बापा! माणूस पाय गेल्यावर चालायची काळजी करतो. ह्यानला क्लचची!

मला लय आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, आता आली गाडी माझ्या हातात. घरी आल्यावर त्यांला समजावून सांगितलं. "मामा, एक दांडी, एक पट्टी. क्लचच्या पायट्याला दांडी जोडायची, वर डॅशबोर्डाखाली आणायची. हातानं दाबायची. फक्त दोन भोकं पाडावी लागतील."

"भोकं?"

"दोनच."

"तुझ्या कपाळाला पाड."

पुण्याहून त्यांच्या लेकाचा, योगीराजचा फोन आला. तो म्हणाला, दादा, बिनक्लचची नवी गाडी घेऊन देतो, तिच्यात डाव्या पायाचं कामच न्हाई. मामा म्हणाले, तुझ्या भगवानमामाची गाडी बिनक्लचची व्हती का? फोन ठिवला. मी म्हणलं, बरं, मी चालवतो, तुमी शेजारी बसा. तर म्हणाले, "मुराळी बसून येत न्हाई, गाडी घेऊन येतो." घ्या! एकाबी बाजूनं हात घालायला जागा न्हाई.

"मग पंचमीचं काय, मामा? मामी पुन्हा उंबऱ्यात बसणार का?"

हे मात्र लागलं त्यांला. मग म्हणाले, "गाडीला हात लावायचा न्हाई. बदलायचंच आसंल तर मी बदलतो."

मला वाटलं तोंडाची वाफ. पण न्हाई. परभणीच्या शिबिरात त्यांला रबरी पाय बसवून दिला. त्यानं चालता यायचं, पण क्लचवर ठिवला की घसरायचा. मामा गेले परमेश्वर सुताराकडं. बाभळीचं लाकूड निवडलं, शेजारी बसून कोरून घेतलं. तळव्याला खाच, क्लचचा पायटा त्यात बरोबर बसंल आशी. पायट्याचं माप कागदावर न्हाई घेतलं, परमेश्वराला गाडीत वाकवून बोटांनी चाचपायला लावलं. परमेश्वर मला म्हणाला, "बैलगाडीचं जू केलं, पाळणे केले, पण गाडीसाठी माणसाचा पाय पैल्यांदाच करायलोय."

आसे मामाला दोन पाय झाले. एक चालायचा, एक गाडीचा. गाडीपाशी यायचे, दार उघडून काठावर बसायचे, पट्टे सोडायचे, रबरी पाय काढून ठिवायचे अन् लाकडी चढवायचे. मी पैल्यांदा बघितलं तवा माझ्या तोंडातली सुपारी तोंडातच ऱ्हायली. लोक माझ्याकडं येतात गाडी आपल्यासारखी करून घ्यायला. हा माणूस सोताला गाडीसारखं करून घ्यायलाय! आयुष्यभर मी म्हणत आलो, जिथं अडंल तिथं कापा अन् जोडा. मामानं तेच केलं की, फक्त गाडी सोडून.

बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात शिकायला लागले. ॲम्बेसिडरचा क्लच म्हंजी काय खायचं काम न्हाई, माझी धडधाकट मांडी दुखती. गाडी उचक्या दिल्यावानी पुढं जायची, बंद पडायची. मामाच्या कपाळावर घाम, मांडी थरथर कापायलेली. "दमा जरा," म्हणलं की म्हणायचे, "दमायला काय झालं?" पण आषाढ सरता सरता गाडी चालवली त्यांनी. तिसऱ्या गिअरमधी मैदानाला येढा मारला. मी तिथंच उभ्या उभ्या हात जोडले. खरंच जोडले.

तरीबी मी अधूनमधून दांडीचा विषय काढायचो. मांडीचे हाल दिसत व्हते की. मामा म्हणायचे, "बघू, पंचमीला बघू." मी खुश. मग एक दिवस जीप पुसता पुसता डोक्यात उजेड पडला. पंचमीला आमच्याकडं चिरत न्हाईत, कापत न्हाईत, खणत न्हाईत, चुलीवर तवाबी ठिवत न्हाईत. नागाला इजा व्हती म्हणून. भोक पाडायचं तर नावच नको. म्हाताऱ्यानं मला मुद्दाम पंचमीचा वायदा दिलता! लबाडपणात बी पक्का.

पंचमीच्या आदल्या दिवशी मामी माझ्या घरी आली. भावाच्या उपासाचं तोंड सुकलेलं.

"बजरंगा, उद्या त्यांच्या मागं जीप घेऊन ऱ्हा. त्यांला कळू देऊ नको. अन् तुझी ती दांडी-पट्टी केलीया का?"

"केलीया की. चैतातच करून ठिवली. पण मामी, मामा मारतील मला."

"मारू दे. तुला मार काय नवा न्हाई." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "रोज त्यांच्या पायाचं फडकं मीच धुती रे. पैलं पाणी लालच निघतंय. ते म्हणतात, पानाची पिंक उडाली. पान कदी खाल्लं का त्यांनी?"

मी उठलो, दांडी-पट्टी अन् भोकं पाडायचं मशीन जीपमधी टाकलं.

सकाळी मी फाट्याच्या अलीकडं बाभळीखाली जीप लावून बसलो. मामांची गाडी आली, वळली, गावाकडं निघाली. मागं मी. येशीत हॉर्न वाजला. गल्लीत पोरी मेंदीचे हात घेऊन दारात आल्या. कुणी हसलं न्हाई. मामांनी गाडी दारात लावली, दार उघडलं, पण उतरले न्हाईत. दर साली उतरायचे. ह्या साली बसूनच म्हणाले, "पाथरीहून आलोय. दगडाबाईला न्यायला."

मामी नवं लुगडं नेसून उंबऱ्यात. तांब्या घेऊन गाडीपाशी आली, पाणी द्यायला वाकली, अन् तशीच थांबली. मी जीपमधून उतरून जवळ गेलो तर मलाबी दिसलं. पांढऱ्या धोतराचा डावा सोगा गुडघ्याखाली लालभडक, अन् लाकडावरून वघळ खाली क्लचवर.

"उतरा," मामी म्हणाली.

"काय न्हाई, जरा घासलंय. बस तू मागं."

"उतरा म्हणती न मी!"

सगळ्या जन्मात मामीचा आसला आवाज गल्लीनं ऐकला नसंल. मामा उतरले. म्हंजी मी अन् गल्लीत उभ्या परमेश्वर सुतारानं धरून उतरवलं, ओट्यावर बसवलं. मामीनं सोताच्या हातानं पट्टे सोडले, लाकडी पाय बाजूला ठिवला, तांब्यातलं पाणी जखमेवर घातलं. मामा दात आवळून बसले, तोंडातून बारीक आवाजबी न्हाई. मग मामी माझ्याकडं वळली.

"बजरंगा, मशीन काढ. पाड भोकं."

मामा ताडकन बोलले, "आज पंचमी हाय! आज भोक पाडायचं न्हाई. उद्या बघू."

"उद्या तुमी आणखी कायतरी काढताल. मला ठावं न्हाई व्हय तुमचं?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "आगं दगडाबाई, नागोबाला दुखतंय आजच्या दिशी."

मामी तिच्यावरच फिरली. "नागोबाला आपण भाऊ मानतो न? कालचा दिस मी पाण्यावर काढला भावासाठी. बहिणीच्या धन्याचं रगत गाडीत सांडायलंय, अन् भाऊ भोकं मोजीत बसंल व्हय? माझा भगवान आसता तर त्यानंच आधी भोक पाडलं आसतं." मग मामाकडं बघून म्हणाली, आवाज आता उतरला व्हता, "इतक्या साली तुमी भावाला आणलं माझ्या दारात. लय आणलं. आता पुरं. मला मुराळ्याच्या पायाचं रगत न्हाई बघवत."

मामांनी डोळे मिटले. रडायलेत का काय मला कळंना. मग म्हणाले, "बजरंग्या, नीट पाड. कडा फाटू देऊ नको."

शेकड्यानं गाड्यांला भोकं पाडलीत मी, गप्पा मारत, बिडी वढत. त्या सकाळी बॅटरीचं मशीन हातात धरलं अन् तोंडातली बिडी काढून फेकली. त्या पत्र्याला आजवर कुणी हात लावला नव्हता. आधी नमस्कार केला, नागोबाला केला का भगवानरावाला का मामाला, मलाच ठावं न्हाई. दोन भोकं पाडली. पट्टी आवळली, दांडी क्लचला जोडली. ओट्यावर बसून मामा समदं बघत व्हते, पण शिवी एकबी दिली न्हाई.

दांडी बसवून झाली, मामीनं जखमेला फडकं बांधलं, आमी मामाला पुन्हा स्टेरिंगमागं बसवलं, अन् माझ्याच डोक्यात वीज पडली. गाडीचा गिअर स्टेरिंगच्या डाव्या अंगाला. दांडीबी डाव्या अंगाला. मामाचा डावा हात एकच! क्लच दाबणार का गिअर टाकणार? चैतापासून दांडी घेऊन नाचत व्हतो अन् एवढं ध्यानात आलं न्हाई. मी कपाळाला हात लावला. "मामी, चुकलं माझं. पुन्हा खोलून उलटं बसवावं लागंल, लय येळ लागंल."

मामीनं तांब्या ओट्यावर ठिवला. मागच्या दाराकडं न जाता ती पुढून वळसा घालून गेली, पुढचं दार उघडलं, अन् मामाच्या शेजारी बसली. पुढचं शीट अखंड सलग हाय, ती सरकत सरकत दांडीपाशी आली. दोन्ही हातांनी दांडी धरली.

"सांगा," म्हणाली.

मामा तिच्याकडं बघतच ऱ्हायले. मग चावी फिरवली. "दाब."

मामीनं दाबली. त्यांनी गिअर टाकला. "सोड. हळू सोड."

मामीनं भसकन सोडली, गाडी उडी मारून बंद पडली. आता मात्र गल्ली हसली, पोरी हसल्या, अन् मामीबी हसली. पुन्हा चावी. "दाब. हां. आता हळू, दही घुसळताना रवी धरतीस तशी." गाडी निघाली.

मी मागं जीप घेऊन पार पाथरीपतोर गेलो. वाटलं, कुठं अडकले तर? गंगाखेडपतोर गाडी नाचत व्हती, गतिरोधक आला की हुंदके द्यायची. पुढं हळूहळू कमी झालं. मामाचं तोंड हालताना दिसायचं, मग मामीचे खांदे खाली जायचे, मग गिअर. सोनपेठ मागं पडलं तवा मामाचं तोंड हालायचंबी थांबलं. ते बोलायच्या आधीच ती दाबायली व्हती. मी जल्माचा ड्रायव्हर, पण गोदावरीच्या पुलाच्या चढाला गिअर कवा पडला ते मला कळलं न्हाई. एक गाडी दोघं जण चालवायलेत अन् झटका न्हाई! जीप आपली आपण चालायली व्हती, मी नुसता त्या दोन डोक्यांकडं बघत व्हतो. आसलं काम मी कुठल्या गॅरेजात बघितलं न्हाई, अन् बघणारबी न्हाई.

सण झाल्यावर मामा-मामी पालमला परत आले, तसलेच, पुढं दोघं बसून. दुसऱ्या दिशी मी नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन त्यांच्या दारात. मी आता समदं नीट डोकं लावलं व्हतं. म्हणलं, "मामा, दांडी उजव्या अंगाला घेतो. एक तार वढायची, बस. नवी भोकंबी पडायची न्हाईत. मग तुमाला मामीची गरज न्हाई, एकट्यानं चालवता येईल."

मामा आसे भडकले की हातातली बशी हिंदकळली. "कामून?" म्हणाले. "एकट्यानं कुठं जायचंय मला?"

मी पाने पिशवीत घातले अन् चहा मागितला.